मानसिकता

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त एका शब्दाचं.

माझा भाचा आणि त्याचे दहा-बारा मित्र महिन्यातून एकदा जमून विजेच्या गाड्यांचा अभ्यास करतात. मनापासून करतात बरं का! "मावशी, तूही चल" म्हणाला, म्हणून परवा सिडकोतल्या एका बंगल्यात गेले. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण हिशेब मलाही कळला. तीस युनिटची बॅटरी, घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला रात्रभर लावली की भरते. एका युनिटात गाडी सहा-सात किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोलची गाडी शहरात लिटरला पंधरा धावली तर सात रुपये. इथवर छान.

शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "जुन्या शहरातल्या लोकांची मानसिकता बदलायला हवी." इथं माझं डोकं फिरलं. (हा शब्द हल्ली फार सोयीचा झालाय. समोरच्याची अडचण ऐकायची नसली की त्याची मानसिकता काढायची.)

अहो, बदलली हो मानसिकता! आमचे चिरंजीव दोन वर्षं ही गाडी घ्यायची म्हणताहेत. पण आम्ही राहतो गुलमंडीत, जुन्या वाड्यात. दारातून स्कूटर आत घेताना आरसा मिटवावा लागतो. सध्याची गाडी दोन गल्ल्या पलीकडे, मिळेल तिथे उभी असते. तिथं प्लग कुठला? खालच्या बिऱ्हाडकरूंनी विजेची स्कूटर घेतलीय, ते खिडकीतून वायर सोडतात. पावसाच्या रात्री त्या वायरच्या काळजीनं मला झोप लागत नाही.

आता मुलगा म्हणतो, "आई, आपला वाटा विकू, बीड बायपासला फ्लॅट घेऊ. पार्किंग आहे, चार्जिंग आहे." १९७६ साली सून म्हणून या वाड्यात आले. ते घर सोडायचं, तेही प्लगसाठी!

आपल्या शहराला गाड्यांची हौस जुनीच. २०१० साली इथल्या मंडळींनी दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, देशभर गाजल्या. २०२२ च्या सुरुवातीला इथल्याच उद्योजकांनी अडीचशे विजेच्या गाड्या एकगठ्ठा घ्यायचं ठरवलं. कौतुकच आहे. पण ज्याच्या दारात जागा आहे त्याचा प्रश्न सोपाच होता. राज्याच्या २०२१ च्या धोरणात औरंगाबादेत ७५ सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचं उद्दिष्ट होतं, आणि नव्या निवासी इमारतींत वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायचं होतं. नव्या इमारतींत! ज्या घरांना पार्किंगच नाही त्यांचे वीस टक्के म्हणजे किती, हे गणिताच्या सरांनी सांगावं. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला घरच्याच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे बंगलेवाल्याला स्वस्त, वाडेवाल्याला महाग. आणि वर मानसिकताही आमचीच वाईट!!

लंडनमध्ये काही रस्त्यांवर दिव्याच्या खांबांतच प्लग बसवलेत. २०२० साली तिथल्या एका अख्ख्या रस्त्याचे खांब असे केले होते. ज्यांना स्वतःचं पार्किंग नाही, नेमक्या त्यांच्यासाठी. आता तुम्ही म्हणाल, गुलमंडीत खांबापाशी गाडी लावायला जागा आहे का? नाही. सुपारी हनुमानापाशी दिवाळीच्या आठवड्यात माणूसही तिरका होऊन चालतो. म्हणून खांबाचा हट्ट मी धरत नाही. पण पालिकेचे जे वाहनतळ आहेत, होणार आहेत, तिथं रात्रभर गाडी लावता यावी आणि साधी १५ अँपिअरची सॉकेटं असावीत, मीटरसकट, घरच्या दरानं. जलद चार्जर नकोच. रात्री आम्हाला कुठं जायचंय?

हे मी त्या बैठकीत विचारलं. क्षणभर शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "चांगला मुद्दा आहे काकू," आणि चहा आला. चहानंतर नव्या गाडीची रेंज किती, यावर अर्धा तास चर्चा.

भाच्याचा राग नाही. पण त्याला सांगितलंय, पुढची बैठक आमच्या वाड्यात घ्या. चहा-पोहे माझ्याकडे. सगळ्यांनी आपापल्या विजेच्या गाड्या घेऊनच या, आणि पैठण गेटपाशी जागा मिळाली तर तिथं लावून पुढं चालत या.