घरचीं यंत्रें : मागच्या चाकाचा आंस

पनवेल तालुक्यांतील ओवे येथें आमचे एक जुने स्नेही राहतात. घर भरलेलें, अण्णा व आजी, दोन मुलगे, सुना आणि पांच नातवंडें. एका बाजूस खारघरची वाढती वस्ती व दुसऱ्या बाजूस टेकडी. त्यामुळें रविवारीं पहांटे सायकलीवरून टेकडी चढून येणें हा त्या घरांतील मुलांचा नेमच झाला आहे. मागें आम्ही तेथें मुक्कामास असतां थोरला नातू सायकल हातानें ढकलीत परतला. चढावर पेडलवर जोर देतांच मागचें चाक तिरकें होऊन डाव्या दांडीस घासलें व जागच्या जागीं अडकलें होतें. मुलास खरचटलेंहि नाहीं. परंतु तीच सायकल घेऊन त्याची धाकटी बहीण थोड्या वेळानें उतारावरून येणार होती, हें ऐकून आजींच्या हातांतील पळी तशीच राहिली.

लगेच घरांत दोन पक्ष पडले. अण्णा म्हणाले, "आमच्या वेळीं दोन नट असत. पान्यानें आवळले, कीं चाक हलण्याची बिशाद नव्हती." नातू म्हणाला, "अण्णा, तुमची सायकल सडकेवरची. डोंगरासाठीं थ्रू-एक्सलचीच हवी." तशा नव्या सायकलीची किंमत ऐकून त्याचे वडील गप्प राहिले. निवाडा आमच्यावर आला. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अशी सायकल असेल, म्हणून तो येथें सविस्तर देतों.

चाक फिरतें, आंस फिरत नाहीं. चाकाच्या तुंब्यांतून तो आरपार जातो आणि त्याचीं टोकें सांगाड्याला धरून ठेवलेलीं असतात. स्वाराच्या भाराचा मोठा वाटा मागच्या चाकावर पडतो. शिवाय सांखळीची ओढ एकट्या उजव्या बाजूनें येते. म्हणून मागच्या आंसाची परीक्षा अधिक कडक.

पहिला प्रकार नटांचा. भरीव लोखंडी आंस, सुमारें साडेनऊ ते दहा मिलिमीटर जाड, व दोन्ही बाजूंस एकेक नट. स्वस्त, सुटे भाग कोठेंहि मिळणारे, आणि चोरास जरा त्रासदायक. दोष एवढाच कीं रानांत पंक्चर झालें व पाना घरीं राहिला, तर चाक निघत नाहीं.

दुसरा क्विक-रिलीजचा. इटलीचा शर्यतपटू तुलियो काम्पान्योलो याचे हात १९२७ मध्यें एका घाटांत थंडीनें बधिर झाले, चाकाचे नट सुटेनात, आणि त्यांतून ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. १९३० च्या सुमारास ती प्रत्यक्षांत आली. यांत आंस पोकळ असतो व त्यांतून पांच मिलिमीटरची बारीक सळई जाते. भार आंस वाहतो. सळई केवळ दोन्ही बाजू दाबून धरते. डोंगरी सायकलींत यासाठीं मागें १३५ मिलिमीटर रुंदीची जागा असते.

तिसरा थ्रू-एक्सल. सांगाड्यास उघड्या खांचा नसून बंद भोकें असतात. बारा मिलिमीटरचा आंस त्यांतून घालून पेंच आवळावयाचा. भरीव गज दहाचा बारा मिलिमीटर केला, तर त्याचा ताठरपणा दुपटीहून थोडा अधिक होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. डिस्क ब्रेकची तबकडी प्रत्येक वेळीं नेमकी त्याच जागीं येते, हा दुसरा लाभ. मात्र रुंदीचे १४२ व १४८ मिलिमीटर असे निरनिराळे मेळ आहेत, आणि पेंचाचे आटेहि एक, दीड व पावणेदोन मिलिमीटर अंतराचे असतात. बदली आंस मागवितांना लांबी व आटे दोन्ही पाहावे. जुन्या उघड्या खांचांच्या सांगाड्यास मात्र हा आंस बसत नाहीं. सांगाडाच बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट दुकानांत क्वचितच कोणी सांगतो. आंस वांकण्याचें कारण पुष्कळदां नट किंवा सळई हें नसून फ्रीव्हील असतें. पेंचानें बसणाऱ्या फ्रीव्हीलमध्यें उजवीकडचे छर्रे बरेच आंत राहतात, व त्यापुढचा आंसाचा लांब तुकडा निराधार राहून वांकतो. फ्रीहबमध्यें ते छर्रे सांगाड्यानजीक येतात. तेव्हां नवी सायकल घेतांना आंसाबरोबर हाहि प्रश्न विचारावा.

आतां ओव्याच्या सायकलीकडे वळूं. ती क्विक-रिलीजची होती आणि तिच्या खांचा किंचित् पुढें कललेल्या होत्या. आंस काढून आम्हीं पाटावर लोळवून पाहिला. तो सरळ होता. मग नातवास चाक बसवावयास सांगितलें. त्यानें दांडी धरली व फिरकीप्रमाणें गरगर फिरवून घट्ट केली. गेलें पंक्चर काढल्यावरहि त्यानें असेंच केलें होतें. ती दांडी फिरवून आवळावयाची नसते, ती मिटावयाची असते. पलीकडचा नट असा लावावा, कीं दांडी आंसाच्या रेषेंत सरळ उभी असतां विरोध लागूं लागावा, आणि पूर्ण मिटतांना तळव्यावर वळ उमटावा. दोष आंसाच्या जातीचा नव्हता. विकणाऱ्यानें दाखविलें नव्हतें, आणि घरांत कोणीं विचारलें नव्हतें.

तेव्हां आमचा निवाडा असा : सडकेवर व टेकडीच्या डांबरी चढावर नीट मिटलेली क्विक-रिलीज पुरेशी आहे. दगडगोट्यांतून वेगानें उतरणाऱ्यानें, किंवा डिस्क ब्रेकची नवी सायकल घेणाऱ्यानें, थ्रू-एक्सल पाहावा. गांवांतल्या गांवांत सामान वाहणाऱ्यास अण्णांचे नटच उत्तम. कोणताहि आंस असो, निघण्यापूर्वीं चाक उचलून दोन्ही बाजूंस हलवून पाहावें.

अण्णांनीं तेथेंच ओटीवर पांचहि नातवंडांस ओळीनें बसविलें व प्रत्येकाकडून दांडी दोनदां मिटवून घेतली. धाकटीनें आपला लाल झालेला तळवा आजींपुढें धरला. आजींनीं तो निरखून पाहिला, आणि पुढच्या रविवारीं जाण्यास परवानगी दिली.