विश्लेषण : बँकेचा खातेउतारा हिशेबाच्या वहीत थेट का उतरत नाही?

विवरणपत्राची मुदत जवळ आली की करसल्लागाराचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो : ‘वर्षभराचे स्टेटमेंट पाठवा, पीडीएफ नको, एक्सेल पाठवा.’ दुकानदाराच्या मोबाइलवर असते ते नेमके पीडीएफच. मग कुणी तरी एकेक नोंद हाताने टॅलीत चढवतो. पैसे काही सेकंदांत खात्यात येतात, पण त्यांचा हिशेब वहीत यायला महिने लागतात, ते यामुळे.

एक्सेल किंवा सीएसव्हीच का हवे?

पीडीएफ हे छापील कागदाचे डिजिटल रूप. ते माणसाला वाचता येते, सॉफ्टवेअरला त्यातले रकाने ओळखणे अवघड जाते. सीएसव्हीत प्रत्येक नोंद एका ओळीत आणि प्रत्येक रकाना स्वल्पविरामाने वेगळा केलेला असतो. टॅलीप्राइमसारखी सॉफ्टवेअर अशी फाइल घेऊन बँक जुळवणी करून देतात. अनेक बँकांच्या मोबाइल अ‍ॅपवर फक्त पीडीएफ मिळते. एक्सेल किंवा सीएसव्हीचा पर्याय संगणकावरील नेटबँकिंगमध्ये असतो. तो आधी तिथे शोधावा.

चुका कुठे होतात?

पहिली चूक तारखेची. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर एप्रिलची विक्री मार्चमध्ये, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

दुसरी चूक क्रमांकाची. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की तो ‘४.१२ई+११’ असा आखडतो, आणि तशीच फाइल जतन केली तर मूळ क्रमांक कायमचा जातो. म्हणून फाइल थेट न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून आत घ्यावी आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा.

तिसरी चूक बाजूची. बँकेच्या उताऱ्यात ‘क्रेडिट’ म्हणजे तुमच्याकडे आलेले पैसे. बँक तिच्या वहीतून बोलत असते. तुमच्या वहीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या नावे बाजूला लागते. इथे गोंधळ झाला की सगळा ताळेबंद उलटा होतो.

चौथी चूक दुबार नोंदींची. १ ते ३० एप्रिल अशी फाइल घेतल्यावर पुढची २५ एप्रिलपासून घेतली, तर सहा दिवसांचे व्यवहार दोनदा चढू शकतात.

बरोबर चढले, हे कसे कळणार?

सुरुवातीची शिल्लक अधिक जमा, उणे खर्ची, बरोबर अखेरची शिल्लक. उदाहरणार्थ, सुरुवातीला ४०,००० रुपये, महिन्यात जमा २,१०,०००, खर्ची १,८५,०००. तर अखेरीस ६५,००० हवेत. सॉफ्टवेअरमधला आकडा आणि बँकेचा आकडा जुळला नाही, तर पुढे जाऊ नये. एकेक महिना जुळवत गेल्यास चूक सापडणे सोपे.

एवढी काळजी कशासाठी?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील छोट्या विक्रेत्यांना यूपीआय व्यवहारांच्या आधारे जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बेंगळूरुत अनेकांनी क्यूआर कोड काढून टाकले. वस्तूंसाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख ही नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री नव्हे. भावाने परत केलेले उसने पैसे, स्वतःच भरलेली रोकड, करमाफ दूध-भाजीची विक्री हे सारे त्यात असते. हा फरक सांगता येतो तो ज्याच्या नोंदी वेळच्या वेळी लागल्या आहेत त्यालाच. सॉफ्टवेअर फाइल आत घेते. घरखर्चाची रक्कम ‘उचल’ आहे की दुकानाचा खर्च, हे मालकालाच ठरवावे लागते. शक्य असेल तर दुकानाचे खाते वेगळेच ठेवावे.

घाईत आणखी एक धोका पत्करला जातो. पीडीएफचे एक्सेल करून देणाऱ्या अनोळखी मोफत संकेतस्थळांवर खातेउतारा पासवर्डसह टाकला जातो. त्यात नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि ग्राहकांची नावेही असतात. वीस मिनिटे वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

मग उपाय काय?

मार्ग नाही असे नाही. सप्टेंबर २०२१ पासून ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ व्यवस्था सुरू आहे. ग्राहकाच्या संमतीने बँकेतील माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात दुसरीकडे जाते. पण ती घेणारी संस्था वित्तीय नियामकाच्या अखत्यारीतील असावी लागते. म्हणजे कर्ज देणाऱ्याला तुमचा उतारा नीट मिळतो. तुमच्या हिशेबनिसाला मात्र नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात मागण्याचा हक्क नाही. आधीच्या मसुद्यात तो होता.

काही बँका आणि सॉफ्टवेअर यांच्यात थेट जोडणी सुरू झाली आहे, पण ती सर्वांना उपलब्ध नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना एकच मांडणी ठरवून द्यावी : तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, जमा, खर्ची, शिल्लक. ती फाइल मोबाइल अ‍ॅपवरच, विनाशुल्क मिळावी. व्यवहार डिजिटल करा, असे छोट्या व्यापाऱ्याला सांगून झाले आहे. आता त्या व्यवहारांचा हिशेबही त्याच्या हाती तसाच डिजिटल द्यायला हवा.