आज्ञाधारक सून कोण?

आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या लग्नात नवरीला उपदेश करायचा म्हटले की रूथची गोष्ट ठरलेली. गेल्या वैशाखात अशाच एका लग्नाला गेलो होतो. पाळकसाहेबांच्या उपदेशात ‘आज्ञाधारक’ हा शब्द नऊ वेळा आला. मोजायची सवय मास्तरकीची. मुलाने निबंधात एकच शब्द घोळवला की तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत जायचे. सासूचा शब्द झेलणारी, तोंडातून ब्र न काढणारी सून म्हणजे रूथ, असा एकूण मथितार्थ. मांडवातल्या सासवांनी माना डोलावल्या. नवरीने मान खाली घातली. तिने दुसरे करावे तरी काय?

घरी येऊन पुस्तक उघडले. रूथचे पुस्तक अवघे ४ अध्यायांचे, ८५ वचनांचे. चहा निवायच्या आत वाचून होते. ज्यांना ते ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेमची नामी नवरा व दोन मुलगे घेऊन मवाब देशात गेली. नवरा वारला. मुलांनी तिथल्याच मुली केल्या, एक अर्पा, दुसरी रूथ. दहाएक वर्षांत दोघे मुलगेही गेले. घरात उरल्या तीन विधवा. नामी स्वदेशी निघाली तेव्हा वाटेत ती सुनांना म्हणाली, आपापल्या आईच्या घरी परत जा. बापाच्या नव्हे, आईच्या! आपला ‘माहेर’ शब्द ‘मातृगृहा’वरून आला असे म्हणतात, ही परदेशी सासू नेमके तेच बोलली. त्या रडू लागल्या तेव्हा तिने पुन्हा समजावले. माझ्या पोटी आता आणखी मुलगे नाहीत. आज रात्री झाले असे धरले तरी ते मोठे होईपर्यंत तुम्ही थांबणार का? अर्पाने सासूचे चुंबन घेतले आणि ती परतली. मग तिसऱ्यांदा एकट्या रूथला सांगणे झाले, बघ, तुझी जाऊ गेली, तूही जा. रूथ म्हणाली, आग्रह करू नका, मी येणारच. आणि वर शपथ घातली. नामीचे बोलणेच खुंटले.

आता सांगा, आज्ञा पाळली कोणी? अर्पाने. तिला पुस्तकात दूषण नाही, पण पुढे तिचे नावही येत नाही. आपण जिचे गोडवे गातो तिने सासूचे सांगणे तीनदा मोडले.

पाळकसाहेब म्हणतील, तिसऱ्या अध्यायात ती म्हणते ना, सांगाल ते सर्व करीन? म्हणते खरी. नामीने तिला रात्री बवाजाच्या खळ्यावर पाठवले आणि बजावले, काय करायचे ते तोच तुला सांगेल. तो सांगेपर्यंत रूथ थांबली का? तिनेच त्याला सांगितले, माझ्यावर पांघरूण घाल, तू आमचा जवळचा आप्त आहेस. त्याआधी शेतात सरवा वेचायला जाण्याची कल्पनाही तिचीच. त्यावर सासूसून जगल्या.

हा शब्दांचा कीस नव्हे. ह्याच गोष्टीचा दाखला देऊन एका तरुण विधवेला सासरी अडवून धरलेले मी पाहिले आहे. तिला माहेरी राहून परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. घरच्यांनी रूथ पुढे केली. नामीने जी वाट आपणहून मोकळी केली, तीच नामीच्या गोष्टीने बंद झाली! रूथ राहिली ती स्वतःच्या मनाने. ह्या बाईला मन विचारलेच कोणी नाही. खरे तर लग्नात पहिला अध्याय वाचायचाच तर नवऱ्या मुलाच्या आईकडे तोंड करून वाचावा.

आणखी एक गंमत. रूथचे लग्न ठरले तेव्हा गावच्या वेशीत वडील मंडळींनी आशीर्वाद दिला तो तामारेचे नाव घेऊन. ती यहूदाची सून. दोन मुलगे तिच्या पदरात पडून वारले, तेव्हा धाकटा मोठा झाला की तुला देईन असे सांगून सासऱ्याने तिला बापाच्या घरी बसवली आणि शब्द मोडला. तिने बुरखा घेऊन त्यालाच फसवले. तिला दिवस गेल्याचे कळताच हा तिला जाळायला निघाला. पण त्याचीच मुद्रा आणि काठी तिने पुढे ठेवली, तेव्हा ही माझ्याहून न्यायी आहे असे त्याला कबूल करावे लागले. बवाज तिच्याच वंशातला, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत ह्या दोघी सुना नावानिशी आहेत. बेथलेहेमच्या म्हाताऱ्यांना भर वेशीत जे नाव घ्यायला लाज वाटली नाही, ते आमच्या मांडवात ऐकू येत नाही. गोष्ट अवघड आहे, कबूल. पण मग सासऱ्यांना उपदेश कशाच्या आधारे करणार?

मीखा संदेष्ट्याचे वचन मात्र सर्वांना पाठ. काळ बिघडला म्हणजे सून सासूवर उठते! त्याच वचनात आधी मुलगा बापाचा अपमान करतो, आणि तीनच वचने मागे न्यायाधीश लाच मागतो. ते दोघे सुटले. सून तेवढी सापडली.

नामीही काही देवता नव्हे. बेथलेहेमात शिरताना बायका जमल्या तेव्हा ती म्हणाली, मी भरलेली गेले आणि रिकामी आले. शेजारी रूथ उभी होती. तिने ते ऐकले असणारच, पण ती काही बोलल्याचे लिहिलेले नाही. पुढे तिला ओबेद झाला, दावीद राजाचा आजा. तेव्हा बायका पुन्हा जमल्या आणि नामीला तोंडावर म्हणाल्या की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. नामीने उत्तर दिले नाही. तिने मूल उचलून उराशी धरले, आणि त्याचे नाव ठेवले ते शेजारणींनी.