जाड्या-रड्या मुलांना दाखवावेत

वरच्या वर्गांना 'स्टॅन अँड ऑली' हा २०१८ सालचा चित्रपट दाखवावा काय, यावर शिक्षक-पालक सभेत बराच वेळ बोलणे झाले. म्हाताऱ्या नटांच्या दौऱ्याची गोष्ट मुले कशाला बघतील, असे काही पालकांचे म्हणणे पडले. आमच्या मते चित्रपट जरूर दाखवावा.

लॉरेल आणि हार्डी यांना मराठी घरांत जाड्या-रड्या हेच नाव चिकटले. नाव झकास आहे, पण ते फक्त पडद्यापुरते खरे. डोके खाजवत रडणारा स्टॅन लॉरेल प्रत्यक्षात जोडीचा कारागीर होता. विनोद रचणे, दृश्ये बसवणे, संकलनात लक्ष घालणे ही कामे तो करी. सदा रुबाब झाडणारा ऑलिव्हर हार्डी काम संपले की गोल्फ खेळायला मोकळा! आपल्या शाळेतही एखाद्याला जाड्या, एखाद्याला रड्या म्हणून हाक मारली जातेच. त्या दोन नावांमागची माणसे मुलांनी एकदा पाहावीत, एवढ्यासाठी आमचा हा आग्रह.

चित्रपट १९३७ मध्ये, 'वे आउट वेस्ट'च्या चित्रीकरणात सुरू होतो आणि लगेच १९५३ च्या ब्रिटनमध्ये येतो. साठी ओलांडलेले दोघे साध्या लॉजवर उतरतात, स्वतःचे सामान स्वतः उचलतात. नाट्यगृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तरी खेळ तोच, तितकाच नेटका. (आमच्या वार्षिक नाटकाला प्रेक्षक मोजून रंगणाऱ्या नटमंडळींनी हा भाग दोनदा बघावा.) स्टीव्ह कूगन आणि जॉन सी. रायली यांनी नक्कल केलेली नाही, माणसे उभी केली आहेत. हार्डीचे दुखरे गुडघे रायलीच्या प्रत्येक पावलात दिसतात.

एक तक्रार मात्र आहे. जुने उणेदुणे काढून दोघे चारचौघांत भांडतात, तो प्रसंग रचलेला आहे. त्यामागे १९३९ चा 'झेनोबिया' आहे. त्यात हार्डीने स्टॅनला सोडून दुसऱ्या नटाबरोबर काम केले. पण निर्माता हॅल रोचने दोघांचे करार वेगवेगळ्या मुदतींचे ठेवले होते. स्टॅनचा संपला, हार्डीचा चालू होता. यात दगाबाजी कुठली? भांडणाशिवाय मैत्री रंगत नाही, असे पटकथाकारांना का वाटावे कोण जाणे. दाखवताना शिक्षकांनी हे जरूर सांगावे.

आयर्लंडमधल्या कोव्ह बंदरावर कॅथेड्रलच्या घंटांनी त्यांचीच धून वाजवली, ते मात्र खरे आहे. सप्टेंबर १९५३ मधली ही घटना. पुढे मे १९५४ मध्ये प्लिमथला हार्डीची प्रकृती बिघडली आणि दौरा तिथेच थांबला. १९५७ मध्ये तो गेला. स्टॅन त्यानंतर साडेसात वर्षे जगला, पण दुसऱ्या कोणाबरोबर उभा राहिला नाही. घरी बसून विनोद मात्र लिहीत राहिला, दोघांसाठीच.

मुलांना आधी १९३२ चा 'द म्युझिक बॉक्स' दाखवावा. अर्ध्या तासाचा आहे. जिन्यावरून घसरणारा पियानो पाहिला असेल, तरच नव्या चित्रपटात त्यांची ट्रंक जिन्यावरून घसरते तेव्हा मुलांना हसू येईल.