बातम्यांपासून ‘भूमिका’पर्यंत

मुंबई दूरदर्शनवर एक मुलगी जीन्सवरच साडी गुंडाळून मराठी बातम्या वाचायला बसायची. स्मिता पाटील. जन्म पुण्यातला, १९५५चा. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी तिला हेरलं आणि ‘चरणदास चोर’, ‘निशांत’, ‘मंथन’ हे चित्रपट पाठोपाठ आले. १९७७च्या ‘भूमिका’त अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेली उषा तिने उभी केली, अल्लड तरुणीपासून पोक्त बाईपर्यंत, तेही विशीच्या उंबरठ्यावर! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘जैत रे जैत’मधली ठाकरवाडीची चिंधी, तीही तितकीच अस्सल.

स्मिताच्या अकाली जाण्याबद्दल आपण फार बोललो. तिच्या कामाबद्दल, विशेषतः त्या उमेदीच्या वर्षांबद्दल, त्यामानाने कमीच. हा अंक त्यासाठीच काढला आहे.