शेवट गोड तरच सारें गोड काय?

आमच्या नळदुर्गच्या घरीं चातुर्मासांत पोथी लावण्याची चाल आहे. पांडवप्रताप असो वा हरिविजय, एकदां लावलेली पोथी समाप्ति झाल्यावांचून बासनांत बांधावयाची नाहीं, असा माझ्या आजीचा दंडक असे. मधला एखादा अध्याय रुक्ष निघो, वाचणाराचा घसा बसो, श्रोते पेंगोत. समाप्ति ही झालीच पाहिजे. त्या दंडकाची आठवण यंदा गौरीगणपतीच्या सुट्टींत एका निराळ्याच पोथीमुळें झाली. घरोघरच्या तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत येथें देतों.

बोरी नदीला भरपूर पाणी आलें होतें. किल्ल्यांतील पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते व ते पाहावयास गांवोगांवचीं माणसें लोटलीं होतीं. आमचा धाकटा पुतण्या मात्र माडीवर कॉम्प्युटरापुढें बसून होता, आणि नवल असें कीं तो खेळतही नव्हता. नुसता पडद्याकडे पाहत होता. मीं कारण विचारलें तेव्हां म्हणाला, “काका, या खेळाचे तीन भाग आहेत. पहिले दोन मी आणि दादा मिळून खेळलों. तिसरा उरला आहे. पण त्याचा शेवट वाईट आहे असें जो तो म्हणतो. मग तीस-चाळीस तास कशाला घालवूं? तुम्हीच सांगा, खेळावा कीं नाहीं?”

व्हिडिओ गेमविषयीं माझें मत मागणारा हा पहिलाच! शिक्षकी पेशांत उभा जन्म गेल्यामुळें मुलांच्या हातून असलीं यंत्रें काढून घेण्याचाच सराव मला अधिक. परंतु प्रश्न मनापासून विचारलेला होता. मी म्हटलें, “न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देणें बरें नव्हे. तूं खेळायला लाग, मी शेजारीं बसतों.” त्याप्रमाणें रात्रीं जेवणें उरकल्यावर आम्ही दोघे रोज माडीवर बसूं लागलों. पुढें जें लिहितों तें या पाहण्यावरून. कथेंतील कांहीं गोष्टी सांगणें भाग आहे. ज्यांस त्या आधीं कळूं नयेत असें वाटत असेल त्यांनीं हा लेख खेळ संपेपर्यंत बाजूस ठेवावा.

खेळाचें नांव ‘मास इफेक्ट’. कॅनडांतील एडमंटन शहरच्या बायोवेअर या मंडळीनें तो रचिला. पहिला भाग २००७ सालीं, दुसरा २०१० सालीं आणि तिसरा मार्च २०१२ मध्यें निघाला. मे २०२१ मध्यें तिन्ही भाग नव्यानें सजवून एकत्र काढण्यांत आले. तीच प्रत आमच्या घरीं आहे. खेळणारानें शेपर्ड नांवाच्या सेनाधिकाऱ्याची भूमिका घ्यावयाची. तो पुरुष असावा कीं स्त्री, हेंही आपणच ठरवावयाचें. काळ बाविसाव्या शतकाच्या अखेरीचा. मनुष्य आकाशगंगेंत दूरवर पोहोंचला आहे, तेथें त्याच्यासारख्या अनेक बुद्धिमान जाती नांदत आहेत, आणि दर पन्नास हजार वर्षांनीं ‘रीपर’ नांवाचीं प्रचंड सचेतन यंत्रें येऊन प्रगत संस्कृतींचा निःपात करून जातात. त्यांची पुढची फेरी जवळ येऊन ठेपली आहे, हें कथेचें बीज.

नाटकांत नटाला पाठ केलेलें भाषण म्हणावें लागतें. येथें काय बोलावें, कोणाला वाचवावें, कोणाला शब्द द्यावा, हें पुष्कळ अंशीं खेळणाराच ठरवितो. मुख्य गोष्ट ही कीं यंत्र या निवाड्यांची नोंद ठेवतें, आणि पहिल्या भागाची नोंद दुसऱ्यांत व दुसऱ्याची तिसऱ्यांत नेतां येते. तिसऱ्या भागाची योग्यता ठरवितांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

एकच उदाहरण पाहा. क्रोगन ही एक लढवय्यी जात. तिची वाढ आवरावी म्हणून दुसऱ्या दोन जातींनीं पूर्वीं तिच्यावर एक रोग सोडला; तेव्हांपासून त्यांच्यांत हजारांत एखादीच गर्भधारणा तडीस जाते. पहिल्या भागांत रेक्स नांवाचा आपला क्रोगन साथीदार या रोगाच्या उताऱ्यावरून आपल्यावरच शस्त्र रोखतो. त्याची समजूत घालावी कीं त्याला मारावें, हा निवाडा आपला. दुसऱ्या भागांत मॉर्डिन नांवाचा विद्वान भेटतो. रोगाचा जोर ओसरूं लागला तेव्हां तो पुन्हा वाढविण्यांत याचा हात होता, असें कळतें. पुढें एका प्रयोगशाळेंत उताऱ्याचीं टिपणें सांपडतात. तीं राखावीं कीं नष्ट करावीं, हाही निवाडा आपला. तिसऱ्या भागांत हीं सारीं सूत्रें एका जागीं येतात. टिपणें नष्ट केलीं असतील तर जिच्यापासून उतारा तयार व्हावयाचा ती क्रोगन स्त्री वांचत नाहीं. रेक्स मेला असेल तर त्याच्या जागीं त्याचा रक्तपिपासु भाऊ पुढारी होऊन बसलेला असतो.

आमच्या मुलांच्या नोंदींत रेक्स जिवंत होता आणि टिपणें राखलेलीं होतीं. त्या रात्रीं मॉर्डिन कोसळत्या मनोऱ्यांत एकटा चढला आणि आपल्या हातून झालेलें आपणच निस्तरून प्राणास मुकला. दुधाचे पेले घेऊन आमच्या सौभाग्यवती वर आल्या होत्या. त्या दारांतच उभ्या राहिल्या. कथा त्यांना ठाऊक नव्हती, तरी “प्रायश्चित्त घेतलेंन् हो त्यानें,” असें त्या म्हणाल्या. क्वेरियन आणि गेथ या जुन्या वैऱ्यांचा समेटही असाच आहे; मागच्या भागांतलें पुरेसें पुण्य गांठीस असेल तरच तो घडून येतो. तिसऱ्या भागाच्या तीस-चाळीस तासांपैकीं बहुतेक भाग हा असल्या हिशेबांच्या फेडीचा आहे, आणि तो मला उत्तम वाटला.

तीन भागांची कथा आमच्या गांवालाही अगदीं नवी नाहीं. १८५३ सालीं नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हां त्याचा कारभार मेडोज टेलर या साहेबाकडे होता, व १८५७ पर्यंत तो या बाजूस होता. विलायतेस परतल्यावर त्यानें शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरील काळ घेऊन तीन कादंबऱ्या लिहिल्या: ‘तारा’ १८६३ मध्यें, ‘राल्फ डार्नेल’ १८६५ मध्यें आणि ‘सीता’ १८७२ मध्यें. पहिली आमच्या तुळजापूर-नळदुर्गच्या मुलखांत, शिवाजीमहाराज व अफझलखान यांच्या काळांत घडते. दुसरी प्लासीच्या आणि तिसरी सत्तावन सालच्या धामधुमींत. पण तिन्ही कथांचीं माणसें निरनिराळीं. तारेच्या दुःखानें डोळे पुसणारा वाचक ‘सीता’ न उघडतां राहिला, तरी तारेच्या कथेंत त्याला कांहीं उणें पडत नाहीं. ‘मास इफेक्ट’ची गोष्ट वेगळी. येथें पहिल्या दोन भागांत पेरलेलें तिसऱ्यांत उगवतें. तिसरा सोडणारानें शेत पेरून कापणीच्या वेळीं गांव सोडल्यासारखें होय.

आतां ज्या शेवटाचा एवढा बोभाटा, त्याकडे वळूं. सर्व झुंजीनंतर बालरूप घेतलेली एक अज्ञात शक्ति अखेरच्या घटकेस प्रकट होते आणि शेपर्डपुढें तीन मार्ग ठेवते: रीपरांचा नाश, रीपरांवर सत्ता, किंवा जीव आणि यंत्र यांचें मीलन. २०१२ मध्यें खेळ निघाला तेव्हां या तिन्ही मार्गांचीं दृश्यें जवळजवळ सारखींच होतीं. एकांत लाल, एकांत निळा आणि एकांत हिरवा उजेड, एवढाच काय तो ठळक भेद. तीन भागांत जपलेल्या निवाड्यांचा मागमूस तेथें फारसा दिसेना. खेळणारे खवळले. कांहींनीं बायोवेअरकडे सुमारें चारशें लहान केक पाठविले. त्यांवरचा थर तीन रंगांचा, चव मात्र सर्वांची एकच! दुसऱ्या कांहींनीं निषेध म्हणून आजारी मुलांना खेळणीं पुरविणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठीं ऐंशी हजार डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली. निषेधाची ही तऱ्हा आपणांकडेही कोणीं उचलावी अशी आहे. शेवटीं जून २०१२ मध्यें कंपनीनें शेवट वाढवून विनामूल्य दिला. त्यांत तिन्ही मार्गांचे परिणाम उलगडून दाखविले आहेत, आणि तिन्ही नाकारण्याचा चौथा मार्गही ठेवला आहे. २०२१ च्या प्रतींत हाच वाढविलेला शेवट आहे. म्हणजे पुतण्यानें ऐकलेली निंदा पुष्कळशी जुन्या शेवटाची होती.

तरीही मूळचा दोष सर्वस्वीं गेला असें मला म्हणवत नाहीं. कीर्तनाचा उत्तररंग भरांत आला असतां अनोळखी बुवानें उठून आरती उरकावी, तसें त्या बालरूपाचें आगमन वाटतें. शेवट कडू आहे ही माझी तक्रार नाहीं. महाभारताचा शेवट काय गोड आहे? यादव आपसांत लढून मरतात, महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी व चार भाऊ एकामागून एक पडतात, आणि स्वर्गांत पोहोंचलेल्या धर्मराजाला प्रथम दर्शन घडतें तें दुर्योधनाचें. परंतु तो कडूपणा कथेच्या पोटांतून आलेला आहे. या खेळाच्या अखेरच्या दहा-पंधरा मिनिटांना तेवढा आधार मागून मिळत नाहीं. मात्र दहा-पंधरा मिनिटांच्या उण्यासाठीं तीस-चाळीस तासांची भरणी टाकून देणें, हा हिशेब कोणत्याही गृहस्थास पटणार नाहीं.

आतां पुतण्याकडे वळतों. मार्च २०१३ मध्यें तिसऱ्या भागाला जोडलेलें ‘सिटाडेल’ नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत शेपर्डला राहावयास घर मिळतें आणि तो जुन्या साथीदारांना तेथें मेजवानीस बोलावतो. अखेरच्या मोहिमेपूर्वींचा हा निरोपच म्हणाना. त्या मेजवानींत पुतण्या दोन रात्री रेंगाळला. एकेकाशीं बोलून झालें, पुन्हा बोलून झालें. मग म्हणाला, “काका, येथेंच थांबूं या का? पुढचा शेवट वाईट आहे, हें तर ठाऊकच आहे.”

मीं सहज विचारलें, “रेक्सला वाचवायचें कोणी ठरविलें होतें रे?”

“दादानें. मी मारणार होतों. त्यावरून आम्ही एक दिवस बोललों नव्हतों.”

दादा म्हणजे त्याचा वडील भाऊ. दीड वर्षापूर्वीं नोकरीसाठीं तो जर्मनीस गेला. त्या दोघांच्या माडीवरच्या बैठका तेव्हां मोडल्या त्या मोडल्याच. त्या नोंदींतले निम्मे निवाडे दादाचे. तिसरा भाग न खेळतां ठेवला म्हणजे दादाबरोबर मांडलेला डाव अजून चालू आहे असें म्हणतां येत होतें. दीड वर्ष हा मुलगा शेवट वाईट असल्याचें निमित्त सांगत होता. खरी भीति शेवट होण्याची होती. मला माझी आजी आठवली. समाप्तीच्या आदल्या दिवशीं तीही हळूहळू वाचावयास सांगे. पण समाप्ति तिनें कधीं चुकविली नाहीं.

मीं त्याला उपदेश केला नाहीं. “दादाला फोन लाव,” एवढेंच सांगितलें. आमच्याकडे रात्रीचे अकरा, तिकडे संध्याकाळ. पुतण्यानें फोन पडद्याकडे तोंड करून उभा केला आणि अखेरची मोहीम दोघांनीं मिळून पार पाडली. तीन मार्ग पुढें आले तेव्हां दोघां भावांत जुंपली ती अर्धा तास! कोणता मार्ग घेतला तें येथें सांगत नाहीं. पण दादाचें म्हणणें या खेपेस चाललें नाहीं. सारें आटोपल्यावर दोघेही कांहीं वेळ गप्प होते. मग दादानें विचारलें, “आता नवें काय लावायचें?” सकाळीं सौभाग्यवतींनीं पुतण्याच्या हातावर साखर ठेवली, समाप्ति झाली होती ना!

तेव्हां ज्या घरीं हा प्रश्न निघेल तेथें माझें उत्तर असें. ज्यानें पहिले दोन भाग मन लावून खेळले आहेत, त्यानें तिसरा अवश्य खेळावा. ज्यानें ते खेळले नाहींत, त्यानें एकदम तिसऱ्याला हात घालूं नये. त्याची निम्मी गोडी मागच्या नोंदींत आहे. २०२१ ची एकत्र प्रत घ्यावी आणि मेजवानीचें प्रकरण अखेरच्या मोहिमेपूर्वीं उरकावें. हा खेळ सतरा वर्षांवरील मुलांसाठीं आहे, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें, आणि तिन्ही भाग सावकाश पाहावयाचे तर शंभर तासांच्या आसपास वेळ जातो, हें परीक्षेच्या वर्षीं तरी विसरूं नये. आणि एखाद्या मुलानें शेवटचा भाग तसाच ठेवून दिला असेल, तर तो त्यानें कोणाबरोबर आरंभिला होता, एवढें त्याला एकदां विचारून पाहावें.