फोन कुणी केला?

हुबळीच्या राजनगर मैदानावर रणजी सामना असला की गप्पा हमखास फिरकी गोलंदाज सुनील जोशीपाशी येतात. त्यानं गदगहून पहाटे सरावाला हुबळीत यायचं आणि शाळेच्या वेळेला परत पोचायचं, हे इथं पाठच आहे सगळ्यांना. परवा शेजारी बसलेले धारवाडचे एक काका मात्र वैतागले. "जोशी चांगलाच हो. पण सुभाष गुप्ते बघितलाय का कुणी?"

मी बघितलेला नाही. आकडे ठाऊक आहेत: 36 कसोटी, 149 बळी. 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी, 102 धावांत. दहावाही मिळायचा, पण यष्टिरक्षक नरेन ताम्हाणेंच्या हातून लान्स गिब्जचा झेल सुटला. सोबर्ससारखा माणूस ह्या मुंबईकराला आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणत असे.

डिसेंबर 1961. कानपूरलाच गुप्तेंनी 90 धावांत पाच बळी घेतले आणि भारताकडून इंग्लंडवर पहिल्यांदा फॉलोऑनची पाळी आली. पुढची कसोटी दिल्लीत, मुक्काम इम्पीरियल हॉटेलात. गुप्तेंचे खोलीतले सोबती कृपालसिंग यांनी स्वागतिकेला फोन करून ड्युटी संपल्यावर काहीतरी प्यायला येण्याचं निमंत्रण दिलं. तिनं तक्रार केली. तिनं ती करायलाच हवी होती. माझं भांडण तिच्याशी नाहीच. पण क्रिकेट मंडळानं खोलीतल्या दोघांनाही दोषी धरलं. तुम्ही त्यांना अडवलं का नाही, हा गुप्तेंचा गुन्हा! वय नुकतंच 32 झालेलं. कसोटी कारकीर्द तिथंच संपली.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हाल चेस नावाचा एक अफाट खेळाडू होऊन गेला. सामने विकल्याच्या आरोपांनी त्याचं नाव काळं झालं, पण ते आरोप निदान त्याच्या स्वतःच्या करणीबद्दल होते; गुप्तेंना शिक्षा झाली ती दुसऱ्याच्या फोनची.

कृपालसिंग 1964 मध्ये पुन्हा कसोटी खेळले. हे सांगितल्यावर काका हसले. "फोन करणारा परत आला की हो!"

गुप्तेंना वगळलं तो 1962 चा दौरा वेस्ट इंडीजचा होता. गुप्तेंची पत्नी कॅरल त्रिनिदादची. 1953 च्या दौऱ्यात ओळख झालेली. म्हणजे संघ गुप्तेंच्या सासुरवाडीला गेला आणि जावई घरी. दोन कसोट्या पोर्ट ऑफ स्पेनलाच झाल्या. भारत पाचही हरला. गुप्ते पुढे त्रिनिदादलाच स्थायिक झाले आणि 2002 मध्ये तिथंच वारले.